खोली दोन वाजता मिळेल

मंगळवार, १२ तारीख. इथले सकाळचे सव्वानऊ.

पोचले एकदाची! एकोणीस तास बसून पायांचे भोपळे झालेत, मान डावीकडे वळते आणि उजवीकडे वळायचं नाव घेत नाही, पण पोचले. बाहेर काय छान ऊन पडलंय! ही वही कालच घेतली, तळहाताएवढी, चाळीस पानी. बावीस वर्षं बुटांच्या कारखान्यात सोल तपासायचं काम करतेय. किती जोड झिजवून पाहिले, कितव्या तासाला टाच गेली, सगळं रोज लिहायचं. तो हात इथेही स्वस्थ बसायचा नाही.

हॉटेल लहान पण नीटनेटकं आहे. काउंटरवरच्या बाई पन्नाशीच्या, गोड बोलणाऱ्या. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना येत नाही, पण तिसरी एक भाषा आम्हा दोघींनाही सारखीच वाईट येते, त्यामुळे छान जमलं. खोली दोन वाजता मिळेल म्हणाल्या. तोवर बॅग ठेवा, शहर पाहून या, आणि काही झालं तरी झोपू नका, नाहीतर आठवडाभर झोपेचं गणित बसत नाही. तेही खरंच.

मग मी दादाचं विचारलं, याच हॉटेलचं नाव त्याने आईला फोनवर सांगितलं होतं. आलेय ती त्याच्यासाठीच. आठ महिन्यांपूर्वी माझा मोठा भाऊ इथल्या एका कंपनीत नोकरीला म्हणून आला. महिन्याभरात कंपनीचं पत्र आलं, की हा गृहस्थ कामावर रुजूच झाला नाही. त्याचा फोन यायचा तो दुपारी, आई घरी एकटी असताना. संध्याकाळी मी विचारलं की ती सांगायची, आजच पोचला म्हणे, दमलाय, खोली मिळाली की झोपणार आहे. दर वेळी हेच. आम्हाला वाटलं, आईचं डोकं आता काम देत नाही. मीच तिला डॉक्टरकडे नेलं, मीच तिला विसरभोळेपणाच्या गोळ्या सुरू केल्या. ती बिचारी मुकाट्याने घेते. निघताना एवढंच म्हणाली, काहीही कर पण त्याला घेऊन ये, तो दारात दिसल्याशिवाय मी डोळे मिटायची नाही.

काउंटरवरच्या बाईंनी रजिस्टर उघडलं, बोट खाली नेलं आणि हसल्या. आहेत की, म्हणाल्या, बॅग ठेवून फिरायला गेलेत, दोनपर्यंत येतील. मी तिथेच रडले, लाज सोडून. सामानाच्या खोलीत डोकावून पाहिलं तर खरंच त्याची लाल बॅग! मुठीला आईने ओळखीसाठी बांधलेली हिरवी नाडी. माझ्याही बॅगेला तशीच आहे. म्हणजे आज दुपारी दोन वाजता दादा माझ्यासमोर. आधी कान पिळीन, मग मिठी मारीन.

एक गोष्ट लिहायची राहिली. बाई माझ्या मनगटाकडे बघून म्हणाल्या, घड्याळ इथल्या वेळेला लावून घ्या, येणारे सगळे पहिलं काम तेच करतात. घड्याळ बाबांचं आहे, पुरुषी आणि जड. आईने स्वतः माझ्या हातात बांधलं आणि शपथ घातली, की याचे काटे हलवायचे नाहीत, घरची वेळ घरचीच राहू दे. दादाने म्हणे पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, की आपलं घड्याळ इथल्या वेळेला लावून टाकलं. त्याला ती हौसच. घरातली सगळी घड्याळं तोच लावायचा, पाच मिनिटांचा फरक दिसला तरी जेवण सोडून उठायचा. त्या दिवसापासून सगळं बिघडलं असं आईच्या मनाने घेतलंय. म्हातारीची समजूत! पण शपथ ती शपथ. राहू दे म्हटलं. बाई हसल्या, पण नजर घड्याळावरून हलवली नाही.

१२ तारीख. इथले सव्वादहा.

हॉटेलसमोरून ट्राम जाते. पुढे चौक, चौकात चारही बाजूंना तोंड असलेलं उंच घड्याळ. मग नदी, पूल, पुलापलीकडे बाग. सगळं पाहून झालं, परत पाहून झालं. दादासारखी पाठ दिसली की धावत सुटते. आतापर्यंत तीन अनोळखी पुरुषांची माफी मागून झालीय. एकाने तर घाबरून बॅग छातीशी धरली.

दमणूक मात्र भलतीच आहे. डोळे मिटले तर उघडायचे नाहीत म्हणून उघडेच ठेवलेत. बेकरीतल्या बाईने पाव दिला आणि न विचारताच म्हणाली, आजच आलात वाटतं, खोली दोनला ना. माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार.

बसल्या बसल्या सवयीने लोकांचे पाय बघते. इथे बरेच जण माझ्यासारखे नवखे दिसतात. खांद्यावरच्या पिशव्यांना विमानातल्या सामानाच्या चिठ्ठ्या अजून लटकताहेत. पण बूट! बागेत बाकावर एक नवरा-बायको बसले होते. तिची टाच पार एका बाजूला तिरकी झालेली, त्याच्या सोलला अंगठ्याखाली भोक. असा सोल सहा महिने रोज चालल्याशिवाय होत नाही, मी लिहून देते. राहवेना म्हणून विचारलं, कधी आलात. ती म्हणाली, आज सकाळी, आणि एवढी मोठी जांभई दिली की मलाही आली. प्रवासाला लोक जुने बूट घालत असतील, झालं. मला काय करायचंय.

१२ तारीख. इथले साडेदहा.

साडेदहाच? अहो, पूल मी किती वेळा ओलांडला याची मोजदाद नाही. ऊन जिथे होतं तिथेच आहे. घरी आई जागी आहे का हे बघायला बाबांच्या घड्याळाकडे तीनदा पाहिलं. एकदा चार, एकदा अकरा, एकदा सात. झोपेने काटे धड दिसत नाहीत.

एका गल्लीच्या तोंडाशी मोची बसलेला दिसला. आपल्या धंद्यातला माणूस म्हणून बरं वाटलं, जाऊन शेजारी टेकले. त्याच्या मागे उखडलेल्या सोलांचा ढीग, कमरेएवढा. धंदा जोरात दिसतो म्हटलं. तो म्हणाला, या शहरात सोलला मरण नाही. दादाचा फोटो दाखवला. चेहरा त्याला ओळखता येईना, पण फोटोतल्या बुटांवर त्याने लगेच बोट ठेवलं. निळे, दुहेरी शिलाईचे. मीच कारखान्यातून दादाला दिलेले. म्हणाला, या बुटांना मी चार वेळा सोल लावला. पाचव्यांदा आले तेव्हा टाका घालायला कातडंच उरलं नव्हतं.

मी हसले. मग हसू थांबलं. बाई तर म्हणाल्या होत्या, आजच आलाय.

मोच्याच्या स्टुलाच्या पायाला एक चुरगळलेली चिठ्ठी बांधलेली होती. विमानातल्या सामानाची. मी तिच्याकडे बघतेय हे त्याच्या लक्षात आलं. तो म्हणाला, तुमचं घड्याळ लावून घ्या, उगाच त्रास होतो.

दूर जाऊन माझा बूट काढून उलटा केला. कालच घातलेला कोरा जोड. टाचेवरची नक्षी नाहीशी झालीय. बावीस वर्षं हेच बघतेय, माझी चूक व्हायची नाही. हे दीडशे किलोमीटर तरी आहेत.

१२ तारीख. इथले अकराला पाच कमी.

विसरायच्या आत लिहून ठेवते.

हॉटेलच्या फोनवरून आईला फोन केला. पहिल्या घंटेलाच उचलला तिने. मी म्हटलं, आई, आजच पोचले गं, दमलेय, खोली मिळाली की झोपेन.

तिने अगदी हळू विचारलं, घड्याळात तारीख काय आहे बघ. त्या घड्याळाला तारखेची बारीकशी खिडकी आहे. मी काटे बघत होते, तिच्याकडे कोण बघतो. दिव्याखाली धरली.

१६.

आई म्हणाली, चार दिवस फोनपाशी बसून आहे मी. आणि म्हणाली, गोळ्या घेत होते, पण विसरत नव्हते गं मी.

तिने रडू दिलं नाही. म्हणाली, त्याला शोध, हाताला धर आणि सरळ विमानतळावर जा. आडवी होऊ नकोस. काट्यांना हात लावू नकोस.

शनिवार, १६ तारीख. इथले अकरा.

आता तारीख बाबांच्या घड्याळावरूनच लिहायची.

काउंटरवरच्या बाईंना सरळ विचारलं, आजवर कुणाला खोली मिळालीय का. त्या रागावल्या नाहीत. खूप वेळ विचार केला, खरंच आठवत असाव्यात. त्यांच्यामागे खोल्यांच्या किल्ल्या ओळीने टांगलेल्या होत्या. एकूण एक किल्ली जागेवर, आणि प्रत्येकीवर धूळ. मग म्हणाल्या, दोन वाजले की मिळेल. आणि काउंटरवरून हात पुढे केला, घड्याळ द्या, मी लावून देते. अगदी मायेने. मी पळाले.

दादाच्या बॅगेची हिरवी नाडी सोडून खिशात घेतलीय. का ते माहीत नाही. आईच्या हातची आहे म्हणून.

मंगळवार, १९ तारीख. इथले सव्वाअकरा.

दादा सापडला.

पुलाखालच्या पायऱ्यांवर. दोनदा त्याच्या शेजारून पुढे गेले, ओळखलं नाही. दाढी छातीपर्यंत, बुटांचे नुसते वरचे भाग नाडीने पायाला बांधलेले, खाली अनवाणी. मग त्याने बोटं मोडायला सुरुवात केली. डाव्या हाताची, करंगळीपासून, एकेक. लहानपणापासून आई त्यासाठी ओरडते. मी जागीच उभी राहिले.

मला बघून केवढा खूश झाला! ठमे, तू इथे कशी, म्हणाला. ठमी म्हणणारा जगात तो एकच. मी तर आत्ताच उतरलोय, म्हणाला, आईला फोन करायचा राहिलाय बघ. मी त्याला धरून रडले. तो माझ्या पाठीवर थोपटत राहिला, म्हणाला, एवढं काय झालं, एका दिवसात माणूस बदलतो का.

आठ महिने म्हटलं तर हसला. थट्टा पुरे म्हणाला. पाय दाखवले त्याचे त्याला. बघितले. म्हणाला, हो गं, आज जरा जास्तच चाललो.

२० तारीख. सव्वाअकराच.

विमानतळाची पहिली बस दोनला. टॅक्सीही दोनला. पायीच निघालो. रस्त्यावर विमानाच्या चित्राच्या पाट्या आहेत, चुकायचं कारण नाही. दादा वीस पावलं टाकतो आणि बसतो. उठवते. पुन्हा बसतो. खोली मिळाली की थोडा पडतो, मग जाऊ म्हणतो.

झोपू नये म्हणून घरच्या गोष्टी सांगतेय. त्याने मला शाळेत पाठीवर नेलं होतं ते, त्याने शेजाऱ्यांचं घड्याळ न विचारता दुरुस्त करून मार खाल्ला होता ते. पोट धरून हसतो. मग विचारतो, ठमे, तू कधी आलीस?

रस्ता सरळ होता. एकदाही वळलो नाही. तरी समोर चौक आला. चार तोंडांचं घड्याळ.

२१ तारीख.

पुन्हा निघालो. पुन्हा चौक.

त्याला बाकावर बसवून एकटी जाऊन पाहिलं. एकटी गेले तर रस्ता संपतो. विमानतळाचं कुंपण दिसलं, विमान उतरताना दिसलं. माझ्या हातात घरचं घड्याळ आहे, मला वाट मिळते. त्याला मिळत नाही.

तिथून एकटी निघाले असते तर घरी पोचले असते. काय सांगितलं असतं आईला?

मागे आले. नाव विसरला होता माझं. मग आठवलं त्याला.

२२ तारीख. इथले —

बाबांचं घड्याळ दादाच्या मनगटावर बांधलं. म्हणजे वाट त्याला मिळेल. आणि हिरव्या नाडीने माझा हात त्याच्या हाताला बांधला. दोन गाठी. म्हणजे मी मागे राहणार नाही.

चालतंय! सावल्या लांबल्यात. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सावली हलली. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. आई कशी आहे विचारलं. आठ महिने झाले का गं, असं विचारलं! हो दादा, हो.

कुंपण समोर दिसतंय. दोनशे पावलं. फार तर.

पाय उचलत नाही. दोन मिनिटं बसलोय. दोनच. त्याला सांगितलंय, मला झोपू देऊ नकोस. काही झालं तरी —

२२

डोळा लागला. किती वेळ ते —

दादा हसतोय. खूप मायेने बघतोय. म्हणाला, ठमे, तुझं हे घड्याळ केवढं चुकलं होतं. मी नीट लावून ठेवलंय बघ

काटे. सव्वानऊ. खिडकीत १२

नाही दादा नाही रे हे काय के

कुंपण कुठे गेलं

आईला फोन आई मी तुझं ऐकलं होतं मी काट्यांना हात

झोप ये

मंगळवार, १२ तारीख. इथले सकाळचे सव्वानऊ.

पोचले एकदाची! एकोणीस तास बसून पायांचे भोपळे झालेत, पण पोचले. बाहेर काय छान ऊन पडलंय! काउंटरवरच्या बाई फार गोड आहेत. खोली दोन वाजता मिळेल म्हणाल्या. तोवर शहर बघू आणि दादाला शोधू. त्याला घेतल्याशिवाय परत जायचं नाही, आईला शब्द दिलाय. ती फोनपाशी बसलेली असेल, आधी तिला कळवायला हवं, आजच पोचले म्हणून.

बाकावर शेजारी एक माणूस झोपलाय. ओळख ना पाळख, छातीपर्यंत दाढी, अनवाणी, बिचाऱ्याची दया येते. गंमत म्हणजे त्याच्या हातात अगदी बाबांसारखं घड्याळ आहे. आणि झोपेतही बोटं मोडतोय, करंगळीपासून, आमच्या दादासारखी. माझ्या मनगटाला कुणीतरी हिरवी नाडी बांधलीय, दुसरं टोक त्याच्या हाताला. कुणाचा हा चावटपणा? गाठ सुटता सुटत नाही. थांब, कापूनच टाकते. हं, सुटली.

निघायला हवं. दादा इथेच कुठेतरी असणार. एक मात्र कळत नाही, वही कालच घेतली, चाळीस पानी, कोरी, आणि हे शेवटचं पान कसं का